आठ पोर्टांचा राउटर आणि चार लेनची वाट: इंदूरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिमेकडच्या वसाहतींत फायबरवरून इंटरनेट पुरवणारा हा धंदा एका मराठी घरातला. केबल टीव्हीच्या काळात तो मामांनी उभा केला. खांब, वायरी, वसुली आणि सोसायट्यांच्या परवानग्या आजही त्यांच्याकडे आहेत. राउटर, स्विच, ओएलटी (ग्राहकांचे फायबर एकत्र आणणारी पेटी) आणि घाऊक इंटरनेट विकणाऱ्या वरच्या कंपन्यांशी बोलणी भाचा सांभाळतो. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

मुख्य राउटर म्हणून एक साधा डेस्कटॉप मदरबोर्ड चालू होता. त्यावर बी१५० चिपसेट (प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणारी चिप), सहाव्या पिढीचा चार कोरचा इंटेल प्रोसेसर, लिनक्स आणि बीजीपीसाठी, म्हणजे इतर नेटवर्कांशी मार्गांची देवाणघेवाण करायला, बर्ड हा प्रोग्राम. त्यात इंटेल एक्स५२० जातीची दोन कार्डे, प्रत्येकावर १० गिगाबिटचे दोन पोर्ट. एका पोर्टवर वरच्या कंपनीची लिंक, एकावर कॅश सर्व्हर (लोकप्रिय व्हिडिओ वगैरेंची जवळ ठेवलेली प्रत), आणि उरलेले दोन ग्राहकांच्या बाजूच्या दोन बीएनजींकडे, म्हणजे ग्राहकांची जोडणी सांभाळणाऱ्या यंत्रांकडे. पीपीपीओई (ग्राहकाचे लॉगिन), नॅट (अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवणे), ग्राहकाचा वेग बांधणे ही कामे बीएनजीवर होत. या पेटीला फक्त एका बाजूचे पॅकेट दुसऱ्या बाजूला पोचवायचे होते. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण नॅट इथेच असते तर पुढचे बरेच निष्कर्ष बदलले असते.

अडचण

तक्रारी संध्याकाळी आठनंतर सुरू होत आणि मध्यरात्रीपर्यंत चालत. व्हिडिओ धूसर व्हायचा, गेमचा पिंग अचानक उडी मारायचा, क्रिकेटचा सामना असला की फोन थांबायचे नाहीत. वेग तपासला तर आकडा मात्र बरा दिसे.

आलेखांवर काहीच वावगे नव्हते. वरच्या लिंकवर जास्तीत जास्त साडेसात गिगाबिट, कॅशच्या लिंकवर साडेपाच. दोन्ही पोर्ट दहाचे, म्हणजे जागा शिल्लक. प्रोसेसर ४० टक्क्यांच्या आसपास, एकही कोर साठच्या वर नाही. मामांचा कौल सरळ होता: ‘अरे, वरून अजून एक लिंक घेऊन टाक, भांडण मिटेल.’ दुसऱ्या लिंकचे दरपत्रक मागवूनही झाले होते.

हा पहिला निर्णयाचा क्षण. लिंक घेतली असती तर ती लावायला पाचवा पोर्ट लागला असता, म्हणजे तिसरे कार्ड, आणि ते त्याच मदरबोर्डच्या उरलेल्या स्लॉटमध्ये गेले असते. पैसे जाऊन त्रास वाढला असता. भाच्याने आठवडाभर थांबायला सांगितले आणि आधी पॅकेट नक्की कुठे पडतात ते शोधायला घेतले.

निदान

एथटूल या लिनक्सच्या नेटवर्क कार्ड तपासणाऱ्या आदेशाच्या आकडेवारीत दुसऱ्या कार्डाच्या दोन्ही पोर्टांवर ‘आरएक्स मिस्ड’ हा मोजणारा आकडा रोज रात्री वाढत होता. पहिल्या कार्डावर तो जवळपास स्थिर. या आकड्याचा अर्थ असा की पॅकेट तारेवरून नीट आले, पण कार्डाच्या स्वतःच्या बफरमध्ये जागा नसल्याने टाकून द्यावे लागले. एक्स५२० वरच्या ८२५९९ चिपमध्ये येणाऱ्या पॅकेटांसाठी पोर्टमागे ५१२ किलोबाइट जागा असते. दहा गिगाबिटच्या दराने ती साधारण ०.४२ मिलिसेकंदात भरते. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख अशा झटक्यांबद्दल काय सांगणार?

बफर तुंबायची कारणे दोन. एक तर प्रोसेसर रिकाम्या जागा वेळेत परत देत नाही, किंवा कार्डाला मेमरीपर्यंत माल पोचवणारी वाट अरुंद आहे. पहिले तपासायला रिंगचा, म्हणजे मेमरीत पॅकेटांसाठी ठेवलेल्या जागांच्या रांगेचा, आकार ५१२ वरून ४०९६ केला. आकड्यात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. कोरांवर वेळ शिल्लक होताच. फ्लो कंट्रोलही बंद केला. तो चालू असला की राउटर स्विचला ‘थांब’ म्हणतो, पॅकेट स्विचमध्ये पडतात आणि राउटर निर्दोष दिसतो. बंद केल्यावर दुसऱ्या कार्डाचा आकडा आणखी वाढला, म्हणजे आधी काही नुकसान स्विचमध्ये लपलेले होते.

मग एलएसपीसीआय या, यंत्रातल्या कार्डांची यादी देणाऱ्या आदेशाचा सविस्तर निकाल पाहिला. त्यात प्रत्येक कार्डासाठी दोन ओळी असतात: लिंकची क्षमता आणि लिंकची सध्याची स्थिती. दुसऱ्या कार्डाची क्षमता ५ गिगाट्रान्सफर (एका लेनवर सेकंदाला पाच अब्ज बिट), एक्स८, म्हणजे माल वाहणाऱ्या आठ समांतर लेन. स्थिती ५ गिगाट्रान्सफर, एक्स४. कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तर बूट होतानाच लॉगमध्ये लिहून ठेवले होते की उपलब्ध बँडविड्थ १६ गिगाबिट आहे आणि कार्ड ३२ घेऊ शकते. ती ओळ इतके दिवस कुणी वाचली नव्हती. बूटचा लॉग सहसा यंत्र सुरू न झाल्यावरच वाचला जातो.

खात्रीसाठी पहाटे चारला दोन्ही कार्डांची अदलाबदल केली, तारा मात्र स्लॉटप्रमाणेच ठेवल्या. रात्री नुकसान पुन्हा त्याच स्लॉटमधल्या कार्डावर दिसले. म्हणजे कार्ड ठीक होते, दोष स्लॉटचा होता. इंदूरमध्ये सराफ्यातल्या रात्रीच्या खाद्यबाजाराची गर्दी ओसरेपर्यंत ट्रॅफिकही ओसरत नाही, त्यामुळे असली कामे साडेतीन ते पाच याच वेळात उरकावी लागतात.

बसचा हिशेब

मदरबोर्डवर लांब स्लॉट दोन होते, दिसायला दोन्ही एक्स१६. पहिला थेट प्रोसेसरला जोडलेला, सोळा लेनचा. दुसऱ्याला चारच लेन, त्याही चिपसेटमार्गे. सोळा खिडक्यांचे तिकीटघर आणि आत बसलेले कारकून चार, असा प्रकार. बी१५० प्रोसेसरच्या सोळा लेनची आठ-आठ अशी वाटणी करूच देत नाही. त्याच काळातला झेड१७० देतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ‘एक्स१६ स्लॉट, एक्स४ मोड’ असे बारीक अक्षरात असते, आणि तेच वाक्य मोलाचे.

पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या बसची, लेन दोन्ही दिशांना स्वतंत्र चालते. दुसऱ्या पिढीत एका लेनचा दर ५ गिगाट्रान्सफर, पण ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून हाती लागतात ४ गिगाबिट. तिसऱ्या पिढीत ८ गिगाट्रान्सफर आणि १२८ बिटांमागे १३० बिट, म्हणजे जवळपास ७.९ गिगाबिट. एक्स५२० हे दुसऱ्या पिढीचे कार्ड आहे. स्लॉट तिसऱ्या पिढीचा असला तरी लिंक कार्डाच्या वेगाने बांधली जाते, म्हणून चार लेनला १६ गिगाबिट.

हे १६ सगळे पॅकेटांच्या वाट्याला येत नाहीत. डेस्कटॉप बोर्डांवर एका खेपेत जाणारा माल बहुधा १२८ बाइटपुरता मर्यादित असतो आणि प्रत्येक खेपेमागे हेडर, क्रमांक, तपासणीचे बाइट मिळून सुमारे २४ बाइटचा खर्च होतो. १२८ भागिले १५२ म्हणजे ८४ टक्के, म्हणजे साडेतेरा गिगाबिट. त्यातून प्रत्येक पॅकेटमागे १६ बाइटचे वर्णनपत्र मेमरीत परत लिहायचे, शिवाय पोचपावत्या आणि वाचनाच्या मागण्या. पाठ्यपुस्तकी १६ चे व्यवहारात साडेबारा-तेरा उरतात. साडेसात अधिक साडेपाच बरोबर तेरा, आणि तेही सरासरीने. झटक्यांना जागाच नव्हती.

चिपसेटमार्गे जाणाऱ्या वाटेला आणखी एक अडसर असतो. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातला डीएमआय दुवा बी१५० वर तिसऱ्या पिढीच्या चार लेनइतका, साडेएकतीस गिगाबिटचा आहे. इथे तो आड आला नाही. पण एच११० सारख्या स्वस्त चिपसेटवर तो जुन्या पिढीचा, १६ गिगाबिटचाच असतो, आणि त्यातूनच डिस्क, यूएसबी, बोर्डवरचा नेटवर्क पोर्ट सगळे जाते. चिपसेटला लागलेल्या स्लॉटांची बेरीज कधीच करायची नाही, कारण त्या सगळ्यांना मिळून दार एकच असते.

तात्पुरता उपाय: फक्त तारा बदलल्या

आधीच्या मांडणीत वरची लिंक आणि कॅश दोन्ही दुसऱ्या कार्डावर होती, आणि दोन्ही बीएनजी पहिल्यावर. कागदावर ही रचना नीटनेटकी दिसते: एक कार्ड ‘बाहेरचे’, एक ‘आतले’. बससाठी ती सर्वांत वाईट. इंटरनेट पुरवठादाराचे ट्रॅफिक एकतर्फी असते. डाउनलोड भरपूर, अपलोड त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. बाहेरच्या कार्डावर कार्डाकडून मेमरीकडे जाणारी दिशा तुंबते आणि उलटी दिशा रिकामी पडून राहते.

म्हणून प्रत्येक कार्डावर एक माल आणणारा आणि एक माल नेणारा पोर्ट ठेवला. प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये वरची लिंक आणि पहिला बीएनजी, चिपसेटच्या स्लॉटमध्ये कॅश आणि दुसरा बीएनजी. आता अरुंद स्लॉटवर एका दिशेने साडेपाच आणि दुसऱ्या दिशेने साडेसहाच्या आसपास. दोन तारा इकडच्या तिकडे, पोर्टांची नावे बदलली, वीस मिनिटांचे काम. त्या रात्री ‘मिस्ड’चा आकडा हलला नाही.

खर्च शून्य. तरी याला उपाय म्हणून कायम ठेवणे चूक ठरले असते, कारण कॅशचे ट्रॅफिक वाढत होते, नवी वसाहत जोडायची होती आणि दोन वर्षांत आठ पोर्ट लागणार हे दिसत होते: वरच्या दोन, कॅशच्या दोन, ग्राहकांच्या बाजूच्या चार. मिळालेला वेळ नीट खरेदीसाठी वापरायचा ठरला.

तपासलेले पर्याय

इंदूरच्याच एका विक्रेत्याने बिटकॉइनवाल्यांचा बोर्ड सुचवला: भरपूर स्लॉट, भाव कमी. त्यातला एक सोडून सगळे स्लॉट एक्स१. दुसऱ्या पिढीचे १० गिगाबिट कार्ड एक्स१ वर चार गिगाबिटच्या पुढे जाणार नाही, आणि ते सगळे चिपसेटवर. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

दुसरा पर्याय जास्त विचार करण्यासारखा होता. सी२३६ चिपसेटचा छोटा सर्व्हर बोर्ड आणि इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन ई३ प्रोसेसर. प्रोसेसरला लेन सोळाच, पण आठ-आठ अशा वाटता येतात. दोन स्लॉटांत प्रत्येकी चार पोर्टांचे इंटेल एक्स७१० बसवले की आठ पोर्ट होतात आणि बसचा हिशेबही जुळतो: तिसऱ्या पिढीच्या आठ लेन म्हणजे ६३ गिगाबिट, खर्च वजा जाता पन्नासच्या वर, गरज चाळीसची. ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) मेमरी आणि दूरून चालू-बंद करायची सोयही मिळते. अडले दोन ठिकाणी. कोर चारच, आणि नवव्या पोर्टासाठी प्रोसेसरची एकही लेन शिल्लक नाही. लहान गावातल्या पुरवठादाराला मात्र आजही हाच पर्याय सुचवावा असा आहे.

तिसरा, एक प्रोसेसरचा नवा सर्व्हर. दुसऱ्या पिढीच्या झिऑन स्केलेबलला ४८ लेन, एएमडी एपिक ७००२ मालिकेला एकाच सॉकेटवर चौथ्या पिढीच्या १२८. लेनचा प्रश्नच मिटतो, पण दर पुढच्या पर्यायातल्या वापरलेल्या सर्व्हरच्या तिपटीच्या वर गेला. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो, म्हणून नोंदवतो: चौथ्या पिढीच्या चार लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आठ, हे गणित फक्त कार्डही चौथ्या पिढीचे असेल तरच खरे. एक्स७१० तिथे लावले तर तिसऱ्या पिढीच्या चारच लेन मिळतात, साडेएकतीस गिगाबिट, आणि चार पोर्ट अडकतात.

मोठ्या कंपनीचा तयार राउटर परवान्यांसकट बजेटबाहेर होता.

चौथा पर्याय, वापरलेला, दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसर बसणारा) २यू उंचीचा सर्व्हर, झिऑन ई५-२६०० व्ही४ मालिका. प्रत्येक प्रोसेसरला तिसऱ्या पिढीच्या ४० लेन. मामांची शंका रास्त होती: ‘जुना माल घेऊन रात्री बंद पडला तर?’ त्यावर तोडगा असा निघाला की त्याच पैशांत एकसारखे दोन घ्यायचे, एक चालू आणि एक तयारीत. हाच पर्याय ठरला. तयारीतले यंत्र पुढे चाचणीलाही कामाला आले.

खरेदी आणि जोडणी

दिल्लीहून दोन सर्व्हर आले, प्रत्येकात ई५-२६८० व्ही४ चे दोन प्रोसेसर, १४ कोरचे. कार्डे एक्स७१०, चार एसएफपी+ (काढता-घालता येणाऱ्या मॉड्यूलच्या) पोर्टांची, सर्व्हरमागे दोन. बाजारात इंटेलच्या नावाने नकली कार्डे भरपूर फिरतात, म्हणून ती वेगळ्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतली. पेट्या उघडल्यावर चार गोष्टी अडल्या, आणि चारही आधी विचारता आल्या असत्या.

मेमरी. प्रत्येक प्रोसेसरपाशी ३२ गिगाबाइटची एकच पट्टी होती. एकूण आकडा जाहिरातीप्रमाणे बरोबर. पण या प्रोसेसरला मेमरीच्या चार वाहिन्या आहेत, डीडीआर४-२४०० वर एकेक वाहिनी सेकंदाला १९.२ गिगाबाइटची, आणि एका पट्टीत तीन वाहिन्या रिकाम्या राहतात. राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट आत लिहिले जाते आणि बाहेर वाचले जाते, त्यामुळे बस रुंद करून मेमरी अरुंद ठेवण्यात अर्थ नाही. एकाच मापाच्या चार पट्ट्या, चार वाहिन्यांत, अशी भरणी केली.

रायझर. सर्व्हरमध्ये दोन रायझर, म्हणजे कार्डे आडवी बसवायच्या स्लॉटांच्या पट्ट्या, होते. पहिल्यावर तीन एक्स८ स्लॉट, सगळे पहिल्या प्रोसेसरचे. दुसऱ्यावरचे सगळे दुसऱ्या प्रोसेसरचे. वारा नीट लागावा म्हणून जोडणाऱ्याने एकेक कार्ड एकेका रायझरवर बसवले होते. मग वरून आलेले पॅकेट एका प्रोसेसरच्या मेमरीत उतरते आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या कार्डातून बाहेर जाते. दोन प्रोसेसरांमधला क्यूपीआय दुवा ९.६ गिगाट्रान्सफरला एका दिशेने १९.२ गिगाबाइट नेतो, म्हणजे दीडशे गिगाबिटच्या वर. बँडविड्थ कमी नाही. तोटा होतो तो विलंबाने. या झिऑनमध्ये कार्ड येणारे पॅकेट थेट प्रोसेसरच्या आतल्या एल३ कॅश मेमरीत टाकू शकते, पण ही सोय ते कार्ड ज्या सॉकेटला जोडलेले आहे त्यालाच मिळते. लहान पॅकेटांच्या चाचणीत विभागलेली मांडणी सुमारे एक-पंचमांशाने मागे पडली. दोन्ही कार्डे पहिल्या रायझरवर आणली, मध्ये एक स्लॉट रिकामा ठेवला.

दुसरा प्रोसेसर मग हवाच कशाला, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो योग्य होता. काढला असता तर वीज वाचली असती आणि न्यूमाची, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या मेमरीतल्या फरकाची, भानगडच राहिली नसती. दुसऱ्या रायझरचे स्लॉट मात्र मेले असते. शेवटी एका सर्व्हरमधला काढला आणि सुटा ठेवला, चाचणीच्या सर्व्हरमध्ये दोन्ही राहिले. दुरुस्तीला सुटा भाग हाताशी असणे हे जुन्या मालाच्या बाबतीत वॉरंटीपेक्षा खरे.

बायोसची जुनी सेटिंग. दुसऱ्या सर्व्हरमध्ये एक कार्ड एक्स४ वरच जुळत होते. कार्ड काढून संपर्कपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पुन्हा बसवले, स्लॉट बदलला. प्रत्येक ठिकाणी एक्स४. कारण बायोसमध्ये निघाले. आधीच्या मालकाने तिथे एनव्हीएमई डिस्कची कार्डे वापरली असावीत, कारण त्या रायझरच्या लेनची वाटणी चार-चार अशी करून ठेवली होती. वाटणी ‘ऑटो’ केल्यावर एक्स८ आले. वापरलेल्या सर्व्हरचे बायोस आधी मूळ सेटिंगवर आणायचे आणि मगच हात लावायचा, हा क्रम पाळला असता तर एक दुपार वाचली असती. शिवाय काही बोर्डांवर स्लॉटचा वेग पहिल्या पिढीवर बांधून ठेवलेला आढळतो. तेही तिथेच दिसते.

चौथी गोष्ट मॉड्यूलची. जुन्या एक्स५२० मध्ये ड्रायव्हरला सूचना देऊन दुसऱ्या कंपन्यांची एसएफपी+ मॉड्यूल चालवलेली होती. एक्स७१० ती घेत नाही, पोर्ट बंदच ठेवते. इंटेलसाठी कोड केलेली आठ मॉड्यूल नव्याने मागवावी लागली. बसशी याचा संबंध नाही, पण काम चार दिवस याच्यामुळेच लांबले.

चाचणी

दोन्ही सर्व्हर एकमेकांसमोर ठेवून आठ पोर्ट डीएसी या तयार तांब्याच्या तारांनी जोडले. तयारीतल्या यंत्रावर टीरेक्स हा ट्रॅफिक तयार करणारा प्रोग्राम, चालू होणाऱ्या यंत्रावर खरी राउटिंग टेबल. आयआरक्यू बॅलन्स (कार्डाचे काम कोरांत आपोआप वाटणारा प्रोग्राम) बंद, प्रत्येक क्यू (कार्डाची पॅकेटांची रांग) ठरावीक कोरला बांधलेली, हायपरथ्रेडिंग (एका कोरचे दोन दाखवणे) बंद, वीज वाचवणाऱ्या अवस्था बंद.

१५१८ बाइटच्या फ्रेमने आठही पोर्ट दोन्ही दिशांनी भरले. आत ८० गिगाबिट, बाहेर ८०, प्रत्येक कार्डावर दोन्ही दिशांना चाळीस. अर्ध्या तासात एकही पॅकेट पडले नाही. बसचा प्रश्न इथे संपला.

मग मिश्र पॅकेट: सात लहान, चार मध्यम, एक मोठे या नेहमीच्या प्रमाणात, आयपी पातळीवर सरासरी सुमारे ३४० बाइट. इथे सेकंदाला १.१ कोटी पॅकेटच्या जवळ कोर पूर्ण भरले आणि नुकसान सुरू झाले. एलएसपीसीआयमध्ये सगळे एक्स८, तरीही ‘मिस्ड’ वाढतो. या वेळी कारण प्रोसेसर, बस नव्हे. दोन्ही अवस्थांत आकडा तोच वाढतो, म्हणून चाचणीत आधी मोठी पॅकेट आणि मग लहान हा क्रम ठेवायचा: मोठी पॅकेट बस तपासतात, लहान पॅकेट प्रोसेसर तपासतात.

१.१ कोटी पुरेसे आहेत का? या पुरवठादाराचे सरासरी पॅकेट ८०० बाइटच्या आसपास निघते. त्या मापाने ४० गिगाबिट म्हणजे सेकंदाला ६१ लाख पॅकेट, अपलोडच्या पोचपावत्या धरूनही जागा उरते. ६४ बाइटच्या पॅकेटांचा हल्ला आला तर मात्र एका १० गिगाबिट पोर्टवरूनच सेकंदाला एक कोटी ४८.८ लाख पॅकेट येऊ शकतात. ते हे यंत्र झेलणार नाही, आणि एक्स७१० स्वतःही चारही पोर्टांवर तो दर देत नाही. अशा वेळी हल्ला झालेला पत्ता वरच्या कंपनीकडेच ब्लॅकहोल करण्याची, म्हणजे त्याचे ट्रॅफिक तिथेच फेकून देण्याची, व्यवस्था बीजीपी कम्युनिटीने (मार्गासोबत पाठवायच्या खुणेने) लावून ठेवली.

परिणाम

पहाटे बदल झाला. पोर्ट जोडताना पुन्हा तोच नियम: प्रत्येक कार्डावर वरची एक, कॅशची एक, ग्राहकांच्या दोन. त्यानंतर दुसरी लिंक आली, नवी वसाहत जोडली गेली, संध्याकाळचे एकूण ट्रॅफिक तेरावरून एकोणीस गिगाबिटपर्यंत गेले. ‘मिस्ड’ शून्यावर आहे. रात्रीच्या तक्रारी उरल्या त्या वाय-फायच्या आणि तुटलेल्या फायबरच्या.

किंमतही मोजावी लागली. जुनी डेस्कटॉप पेटी ९० वॅटच्या आसपास खायची, नवे यंत्र २०० च्या वर, त्यात पंख्यांचा वाटा मोठा. यूपीएसचा टिकाव निम्म्यावर आला आणि बॅटऱ्या वाढवाव्या लागल्या. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना खोलीचा एसी एकच असणे हा धोका आता आधीपेक्षा मोठा आहे. मामांच्या वहीत हा खर्च ‘राउटर’खाली नसून ‘वीज’खाली लिहिला जातो, त्यामुळे खरेदी स्वस्त वाटते.

वेगळे काय करता आले असते

कॅशचे ट्रॅफिक या राउटरमधून नेण्याची मुळात गरज नव्हती. कॅश सर्व्हर आणि बीएनजी दोन्ही एकाच एल३ (मार्गही ठरवू शकणाऱ्या) स्विचला जोडून मार्ग तिथेच ठरवले असते तर तेरापैकी साडेपाच गिगाबिट सर्व्हरच्या बसवर आलेच नसते. स्विचची चिप हे काम बस न वापरता करते. तेव्हाचा स्विच फक्त एल२ (एकाच नेटवर्कातली देवाणघेवाण) चालवत होता, म्हणून हा विचार मागे पडला. माझ्या मते नवा सर्व्हर घेण्याआधी याचे दरपत्रक मागवायला हवे होते. खरेदी कदाचित वर्षभर लांबली असती.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागता आल्या असत्या: सर्व्हरच्या पुस्तिकेतली स्लॉट कोणत्या प्रोसेसरला हे दाखवणारी आकृती, बसवलेल्या रायझरचा भाग क्रमांक, आणि चालू यंत्रावरचा एलएसपीसीआयचा वृक्ष दाखवणारा निकाल. तिसरी गोष्ट द्यायला विक्रेत्याला दहा मिनिटे लागतात आणि खोटी बनवायला बरेच जास्त.

लिंकची रुंदी आता दर तासाला तपासली जाते. एक छोटी स्क्रिप्ट सिसएफएस या लिनक्सच्या माहितीफायलींमधून प्रत्येक कार्डाची सध्याची रुंदी आणि वेग वाचते आणि आठ लेन व आठ गिगाट्रान्सफर सोडून काही दिसले तर भाच्याला संदेश पाठवते. पंखा साफ करताना कार्ड किंचित हलले आणि रीबूटनंतर लिंक एक्स४ वर जुळली, असे प्रकार कुठेही घडतात आणि यंत्र कुरकुर न करता चालू राहते.

आता वरची कंपनी १०० गिगाबिटचा पोर्ट देऊ करते आहे. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन म्हणजे १२६ गिगाबिट, एका पोर्टाला पुरतील, दोन पोर्टांच्या कार्डाला नाहीत. त्यासाठी पहिला रायझर बदलून एक एक्स१६ आणि एक एक्स८ स्लॉटचा घ्यावा लागेल, आणि मग एका एक्स७१० ला जागा उरणार नाही. शिवाय प्रोसेसरची १.१ कोटींची मर्यादा तिथेही तशीच राहील. भाच्याने कंपनीकडून १० गिगाबिटची तिसरी लिंक मागितली आहे. १०० चा विचार नव्या यंत्रासोबतच होईल.